थर्मोस्टॅटला इंटरनेट किती लागते?

इस्त्री पुरेशी तापली की तिच्यावरचा लहानसा दिवा आपोआप विझतो व काही वेळाने पुन्हा लागतो. फ्रीज घुरघुरतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो. पाणी तापले की गीझर स्वतःच थांबतो. या उपकरणांचे बटण दर वेळी कोणी दाबत बसत नाही. ते काम थर्मोस्टॅट नावाचा एक लहानसा भाग करतो. इस्त्रीतील थर्मोस्टॅटला एवढाच हुकूम ठाऊक असतो : तापमान वरच्या खुणेपर्यंत चढले की मंडल तोड, खालच्या खुणेपर्यंत उतरले की जोड.

हा हुकूम पाळण्यासाठी त्याला बुद्धीची गरज नसते. पितळ आणि इन्व्हार या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना पाठीशी पाठ लावून चिकटवल्या, की झाली द्विधातुपट्टी. एक मीटर लांबीची पितळी पट्टी १०० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे १.९ मिलिमीटरने वाढते. तेवढीच इन्व्हारची पट्टी जेमतेम ०.१२ मिलिमीटरने वाढते. दोघी चिकटलेल्या असल्यामुळे जास्त वाढणारी पट्टी बाहेरच्या अंगाला जाते आणि जोडी वाकते. वाकली की तिचे टोक संपर्कबिंदूपासून सुटते व विद्युत्प्रवाह थांबतो. थंड झाली की सरळ होते व प्रवाह पुन्हा सुरू होतो.

दोन खुणा का, एकच का नको, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. बरोबर २७ अंशांवर जोडायचे आणि २७ अंशांवरच तोडायचे असे ठरवले, तर तापमान २७ च्या आसपास किंचितही हलले तरी मंडल फडफडत राहील, आणि संपर्कबिंदू ठिणग्यांनी जळून जातील. म्हणून २८ ला एक आणि २६ ला दुसरी अशी मधली जागा सोडतात. ही मधली जागा पुढे आपल्याला पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आता या साध्याभोळ्या पहारेकऱ्याच्या खोक्यावर ‘स्मार्ट’ असा शब्द आला आहे, आणि खाली बारीक अक्षरांत ‘घरी वायफाय आवश्यक’ अशी अट. वाकणाऱ्या पट्टीला वायफाय कशासाठी? आणि लागतेच, तर किती व कोणत्या प्रकारचे?

तळघरातील घंटा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शाळेत मिळते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. तिकडच्या हिवाळ्यात तळघरातील भट्टीची उष्णता वर वर्गांत सोडावी लागे. वर्ग किती गरम झाला हे पाहायला शिपाई तास चालू असताना आत येई, तापमापक वाचे आणि पुन्हा जिने उतरून तळघरातील झडप कमीजास्त करी. जॉन्सन यांना हा व्यत्यय खटकला. त्यांनी वर्गात तापमान ओळखणारे विद्युत्-उपकरण बसवले आणि तारेने त्याची सूचना तळघरात पोचवली. १८८३ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले.

म्हणजे या उपकरणाला दोन अंगे आहेत : जागच्या जागी तापमान ओळखणे, आणि ते दूरच्या माणसाला कळवणे. इस्त्रीत पहिलेच अंग पुरते. जॉन्सन यांच्या शाळेला दोन्ही हवी होती. स्मार्ट थर्मोस्टॅट हा त्या शाळेचाच वारस आहे. फक्त तळघर आता कितीही दूर असू शकते.

रेशमाच्या शेडमध्ये

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील, बालाघाटच्या पठारावरचे, परळी–लातूर रोड लोहमार्गावरील गाव. येथे घरात भट्टी पेटवण्याइतकी थंडी पडत नाही. तेव्हा अमेरिकेतील किंवा कॅनडातील घरांच्या भिंतीवर असतो तसा थर्मोस्टॅट येथे बसवायचा कोठे? माझ्या मते त्याची खरी गरज घरात नाही, शेतातील रेशमाच्या शेडमध्ये आहे. बीड जिल्ह्यात तुतीची लागवड आणि रेशीम उद्योग चांगलाच रुजला आहे. रेशीम किड्याची अळी शीतरक्ती असते. बाहेरचे तापमान तेच तिचे तापमान. साधारण २४ ते २८ अंश ही तिला मानवणारी पट्टी. अगदी कोवळ्या अळ्यांना, ज्या अवस्थेला चॉकी म्हणतात, त्यांना २७-२८ अंश आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता हवी. मोठ्या अळ्यांना थोडी थंड व कमी दमट हवा मानवते. बाहेर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग छतावर पाणी मारा, ओली गोणपाटे लावा, कूलर लावा, फॉगरने तुषार उडवा. एखाद्या दुपारी फॉगर बंद पडला आणि घरचे सगळे बाजाराला गेलेले असले, तर तीन-चार आठवड्यांची मेहनत एका दिवसात रोगाच्या तोंडी जाऊ शकते. शंभर अंडीपुंजांपासून सर्वसाधारणपणे ६०-७० किलो कोष निघतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुपारची किंमत कळते.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने नेमके याच कारणासाठी विचारले होते, “सर, घरचं वायफाय शेडपर्यंत पोचंल का? शेड तीनशे मीटरवर आहे.” हा प्रश्न आपण भौतिकशास्त्राने सोडवू. पण आधी हे पाहू, की पोचवायचे काय आहे.

निरोप केवढा?

तापमान ० ते ५० अंशांपर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंशाने सांगायचे ठरवले, तर १०१ वेगवेगळे आकडे होतात. सात बिटांनी १२८ आकडे लिहिता येतात. म्हणजे सात बिट पुरे. आर्द्रता ० ते १०० टक्के. तिलाही सातच बिट. झाले चौदा. दोन बाइट म्हणजे सोळा बिट; त्यातले उरलेले दोन ‘पंखा चालू की बंद’ आणि ‘फॉगर चालू की बंद’ यांना देऊन टाकू. शेडची संपूर्ण हकीकत दोन बाइटांत बसली!

अर्थात पोस्टकार्डावर मजकुराबरोबर पत्ताही लागतो. निरोप कोणाचा, कोणाला, मध्ये कोणी खाडाखोड केली नाही ना याची खूण, आणि परक्याला वाचता येऊ नये म्हणून घातलेले कुलूप, हे सगळे धरून आपण उदारपणे २०० बाइट मोजू. दर मिनिटाला एक निरोप पाठवला, तर दिवसाचे १,४४० निरोप, म्हणजे २,८८,००० बाइट; तीस दिवसांचे ८६,४०,००० बाइट. आता सेकंदाला दहा लाख बिट खाणारे एक साधारण प्रतीचे चलचित्र घ्या. ते सेकंदाला १,२५,००० बाइट ओढते. भागाकार करून पाहा : थर्मोस्टॅटचा संपूर्ण महिना त्या चलचित्राच्या ६९ सेकंदांत संपतो.

दुसऱ्या बाजूने पाहू. मिनिटाला २०० बाइट म्हणजे १,६०० बिट, म्हणजेच सेकंदाला २७ हून कमी. पूर्वी तारघरात मिनिटाला २५ शब्द पाठवणारा तारमास्तर सेकंदाला सुमारे २१ लघुचिन्हांच्या वेगाने कळ चालवीत असे. आपल्या देशातील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली. पण वेगापुरते बोलायचे तर आजच्या स्मार्ट थर्मोस्टॅटचे काम एका चांगल्या तारमास्तरावर जवळपास भागले असते. तेव्हा ‘शंभर मेगाबिटचे कनेक्शन घेतले तर थर्मोस्टॅट चांगला चालेल’ असे कोणी दुकानदार सांगू लागला, तर त्याला हा हिशेब दाखवावा.

तीनशे मीटर आणि दोन भिंती

वेगाची अडचण नाही, हे ठरले. अडचण आहे ती पोचण्याची.

वायफाय म्हणजे रेडिओलहरीच. त्यांचे दोन पट्टे घरोघरी वापरात आहेत : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ३०,००,००,००० मीटर भागिले २,४०,००,००,००० बरोबर ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. दुसऱ्या पट्ट्याची ६ सेंटिमीटर. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला, आणि घरगुती लहान उपकरणे बहुतांशी याच पट्ट्यावर बोलतात.

मोकळ्या हवेत लहर गोलाकार पसरते व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जाते, हे तुम्ही दिव्याच्या प्रकाशाविषयी शिकला आहात. शिवाय अँटेनाची लांबी तरंगलांबीच्या प्रमाणात ठेवावी लागते. लहान तरंगलांबीची अँटेनाही लहान, आणि लहान ओंजळीत पाणी थोडेच मावणार. त्यामुळे ५ गिगाहर्ट्झवर मिळणारी शक्ती २.४ च्या मानाने ५ भागिले २.४ याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे ४.३ पटींनी कमी होते.

आकडे घालू. राउटरने एक दशांश वॅट शक्ती बाहेर टाकली, तर ३०० मीटरवर साध्या अँटेनाला २.४ गिगाहर्ट्झवर सुमारे ११० पिकोवॅट शक्ती मिळते. पिकोवॅट म्हणजे वॅटचा दहा खर्वावा नव्हे, एकावर बारा शून्ये इतक्यावा भाग! एवढ्याशा शक्तीने काय होणार असे वाटेल, पण चांगला ग्राहक एका पिकोवॅटच्या आसपासही निरोप ओळखू शकतो. म्हणजे मध्ये काहीच नसेल, तर तीनशे मीटरवर वायफाय खुशाल पोचते.

पण मध्ये काहीच नसते असे कधी होते का? समजा, एका भिंतीने लहरीची एक दशांश शक्तीच पलीकडे जाऊ दिली. घराची एक भिंत : ११० चे ११ झाले. शेडची एक भिंत : ११ चे १.१. लाज राखण्यापुरते उरले. ५ गिगाहर्ट्झवर मात्र सुरुवातच २५ पासून. एका भिंतीनंतर २.५ आणि दुसरीनंतर पाव पिकोवॅट. संपले. भिंतींचा परिणाम वजाबाकीने होत नाही, भागाकाराने होतो. म्हणून एक भिंत वाढली की दहा मीटर पुढे सरकून काही साधत नाही. आमच्याकडची जुनी माळवदाची घरे तर आणखी अवघड. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात खऱ्या, पण रेडिओलहरीचीही तशीच वाट अडवतात. त्या पावसाने ओल्या झाल्या की अधिकच, कारण पाणी या लहरी शोषून घेते. याच कारणाने मध्ये उभा ऊस किंवा दाट तुती असेल तर सप्टेंबरात पोचणारा निरोप आणि उन्हाळ्यातील मोकळ्या रानावरून पोचणारा निरोप यांत फरक पडतो.

पत्र्याची गोष्ट वेगळीच. विटेतून लहर थोडीफार झिरपते. पत्र्यातून झिरपतच नाही. जस्तात २.४ गिगाहर्ट्झची लहर मिलिमीटरच्या अडीच हजारांश भागाएवढ्या खोलीवरच बऱ्यापैकी मरून जाते. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामाही त्याहून जाड असतो. म्हणून चारी बाजूंनी पत्रा असलेली शेड ही रेडिओच्या दृष्टीने बंद डबा आहे. बाजूंना शेडनेट असेल तर चिंता नाही. ते प्लॅस्टिकचे असते. उझी माशी आत येऊ नये म्हणून लावतात ती जाळी नायलॉनची असेल तरी ठीक. पण तीच बारीक लोखंडी असेल, तर दोन मिलिमीटरची भोके साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला भोके वाटतच नाहीत. ती जाळी लहरीला पत्र्यासारखीच असते. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दाराच्या काचेत धातूची भोकाभोकांची चाळण असते ती याचसाठी. त्या चाळणीतून प्रकाश बाहेर येतो, म्हणून आतले अन्न दिसते. पण भट्टीतील १२ सेंटिमीटरची लहर आतच राहते.

भिंतीपलीकडे बिनतारी निरोप पाठवण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवली होती, आणि काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर त्यांनी त्या काळात काम केले होते. आजचा वायफाय त्यांच्या मानाने लांब तरंगांचाच म्हणायचा!

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. नुसते राउटरचे बोलणे शेडला ऐकू येऊन भागत नाही. शेडमधील थर्मोस्टॅटचे क्षीण बोलणेही राउटरला ऐकू गेले पाहिजे. चार-सहा अँटेनांचा दांडगा राउटर आणला तरी थर्मोस्टॅटची अँटेना तीच, बोटाच्या पेराएवढी, राहते.

तार, सिम की लांब पल्ल्याचा रेडिओ

मग त्या विद्यार्थ्याने काय करावे? पहिला उपाय सर्वांत जुना : तार. राउटरची नेहमीची केबल १०० मीटरपर्यंतच विश्वासाने चालते, पण कारखान्यांत वापरली जाणारी आरएस-४८५ नावाची साधी दोन तारांची पद्धत १,२०० मीटरपर्यंत सावकाश निरोप पोचवते, आणि आपल्याला सावकाशच हवे आहेत. मला विचाराल तर जेथे चर खणता येतो तेथे मी तारच पसंत करीन. मात्र ती खांबावरून लोंबती नेऊ नये. एप्रिल-मे मधील वळवाच्या विजा मराठवाड्यात काय करतात ते येथे सांगायला नको.

दुसरा उपाय सिमकार्डाचा, आणि तो शेतकऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे. विहिरीवरची मोटार घरून चालू करायचा ‘मोबाईल स्टार्टर’ तुम्ही पाहिलाच असेल. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाने असा पंपनियंत्रक तयार केला, आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. शेतीला वीज पाळीपाळीने, कित्येकदा रात्रीची, मिळत आली आहे. अंधारात विंचूकाट्यातून विहिरीवर जाण्याऐवजी घरून फोन लावावा आणि बटण दाबावे, ही सोय केवढी मोठी आहे हे शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक आहे. या यंत्रातले भौतिकशास्त्रही पाहण्याजोगे आहे. फोनवर ‘१’ दाबला की ६९७ आणि १,२०९ हर्ट्झचे दोन सूर एकदम निघतात. ‘०’ दाबला की ९४१ आणि १,३३६ हर्ट्झचे. पलीकडचे यंत्र सूर ओळखते आणि मोटार चालू किंवा बंद करते. दोन सूर अशासाठी, की माणसाच्या बोलण्यात किंवा शिट्टीत नेमकी तीच जोडी चुकून येण्याचा संभव फार कमी. असाच संच थर्मोस्टॅटला जोडता येतो. घ्यायच्या आधी एक पाहावे : जुन्या पद्धतीचे संच टूजी जाळ्यावर चालतात. ज्या कंपनीचे टूजी जाळेच नाही, तिचे सिम त्यांत घालून उपयोग नाही.

तिसरा उपाय ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा. आपल्याकडे तोही कमी शक्तीच्या उपकरणांना परवानामुक्त आहे. तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. या पट्ट्यावर लोरा नावाची पद्धत वापरतात. ती मुद्दाम हळू बोलते. गोंगाटात एखादा शब्द लांबवून उच्चारला तर तो दूरवर कळतो, तसेच हे. चलचित्र पाहायला ती निरुपयोगी आहे, पण आपला दोन बाइटांचा मजकूर मोकळ्या रानात काही किलोमीटर नेते.

राउटर झोपला तर

इस्त्रीतल्या द्विधातुपट्टीला स्वतःला वीज लागत नाही. स्मार्ट थर्मोस्टॅटला लागते, आणि त्यातला मोठा वाटा निरोप ऐकत बसण्यात जातो. वायफायचा रेडिओ नुसता कान देऊन बसला तरी सुमारे ८० मिलिअँपिअर घेतो. २,५०० मिलिअँपिअर-तासांचे पेन्सिल सेल जोडले, तर भागाकार येतो ३१ तास. म्हणूनच तिकडच्या घरांत जुना थर्मोस्टॅट काढून नवा बसवताना भिंतीत वीज देणारी एक जादा तार आहे की नाही हे आधी पाहावे लागते. आपल्याकडे प्रश्न आहे तो राउटरचा. थर्मोस्टॅट बॅटरीवर जागा राहिला तरी राउटर बंद पडला तर निरोप जाणार कोणाकडून? राउटर साधारण दहा वॅट घेतो असे धरा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे आठेक तासांची सोय. माझ्या मते जास्त वेगाच्या योजनेवर दरमहा खर्च करण्यापेक्षा ही बॅटरी आधी घ्यावी.

निरोपाचा मार्गही समजून घेतला पाहिजे. फोनवर दाबलेला हुकूम सरळ शेडकडे जात नाही. आधी तो कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे, सर्व्हरकडे, जातो व तेथून राउटरमार्गे शेडमध्ये येतो. बाहेरून थेट हाक मारता येत नाही, कारण अनेक घरे मिळून इंटरनेटचा एकच सार्वजनिक पत्ता वापरतात; वाड्याचा पत्ता एक, बिऱ्हाडे पन्नास. म्हणून थर्मोस्टॅटच सर्व्हरला हाक मारतो आणि ती ओळ उघडी ठेवतो. ती उघडी राहावी म्हणून अधूनमधून ‘मी आहे’ एवढेच कळवायचे. एमक्यूटीटी नावाच्या संकेतपद्धतीत ही ‘मी आहे’ची हाक फक्त दोन बाइटांची असते. ही पद्धत १९९९ साली खनिज तेलाच्या नळांवरची मापे उपग्रहामार्फत, महागड्या व मंद जोडणीवरून, आणण्यासाठी तयार झाली. आज ती घरोघरीच्या उपकरणांत आहे.

सर्व्हर मुंबईला असला तर घाटनांदूरहून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा लागले दोन मिलिसेकंद. सर्व्हर अमेरिकेत असला तरी सेकंदाचा लहानसा अंश. शेडची हवा एका अंशाने तापायला मिनिटे लागतात. त्यापुढे हा विलंब नगण्य आहे. जोडणी तुटली तर मात्र तो निरोप तासन्‌तास येणार नाही. अशा वेळी फॉगर चालू करायचा की नाही हे कोण ठरवणार?

ते त्या शेडमधील पेटीनेच ठरवले पाहिजे. २६ आणि २८ या दोन खुणा पेटीच्या स्वतःच्या स्मृतीत लिहिलेल्या हव्यात. वरून आलेला हुकूम त्या खुणा बदलू शकेल, पण हुकूम आला नाही म्हणून पेटी गप्प बसणार नाही. काही स्वस्त उपकरणे तापमान सर्व्हरकडे पाठवतात आणि ‘चालू कर’ हे उत्तर येण्याची वाट पाहतात. असे उपकरण अळ्यांच्या शेडमध्ये लावू नये. ओळखण्याची युक्ती सोपी आहे : दुकानातच राउटर बंद करायला सांगावे, तापमान ओळखणारा भाग मुठीत धरून गरम करावा, आणि पेटीतून ‘टक्’ असा आवाज येतो का ते ऐकावे.

बसवताना नेहमी येणारी एक अडचण येथेच सांगतो. बरेच राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. तुमचा फोन ५ वर चढलेला असतो, पेटीला फक्त २.४ कळते, आणि दोघांची गाठ पडत नाही. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत, म्हणजे काम होते. त्याच वेळी कारखान्यातून आलेला परवलीचा शब्दही बदलावा. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अशाच न बदललेल्या शब्दांचे कॅमेरे व राउटर लाखांच्या संख्येने वेठीला धरून अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली गेली होती.

सगळे एकदम

पेटीला स्वतःचा निर्णय दिला की एक नवे कोडे उभे राहते. पंपांवर लोक ‘ऑटो’ बसवतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू. शंभर केव्हीएच्या रोहित्रावर, ज्याला आपल्याकडे सगळे ‘डीपी’ म्हणतात, पाच अश्वशक्तीच्या वीस मोटारी असल्या, तर प्रत्येकी पाच केव्हीए धरून त्या चालताना नेमके शंभर होतात. पण मोटार सुरू होताना पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या सहापट प्रवाह ओढते. वीस जणी एकदम उठल्या की मागणी सहाशेवर! डीपी जळतो आणि सगळे शिवार अंधारात. याचसाठी महावितरण कंपनी शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढून ठेवण्याचे आवाहन वारंवार करीत आली आहे.

उद्या शेडोशेडी थर्मोस्टॅट झाले की हेच होणार. दुपारी दोन तास वीज गेली तर सगळ्या शेड तापलेल्या असतील, आणि वीज येताच सगळ्या पेट्या एकाच क्षणी कूलर, फॉगर चालू करतील. यावरचा उपाय निसर्गाने फुकट दिला आहे : यदृच्छा. वीज आल्यावर प्रत्येक पेटीने ० ते ३०० मधील कोणताही एक आकडा चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा आणि तेवढे सेकंद थांबायचे. वीस पेट्या पाच मिनिटांत विखुरल्या जातात, आणि यासाठी एकमेकींशी एक बिटही बोलावे लागत नाही.

करून पाहा

दोन स्मार्टफोन घ्या. पहिल्यावर हॉटस्पॉट सुरू करा. पट्टा निवडण्याची सोय असेल तर २.४ निवडा. दुसरा फोन त्याला जोडून वर्गात, व्हरांड्यात, एका भिंतीआड, दोन भिंतींआड न्या आणि प्रत्येक जागी किती रेघा दिसतात ते वहीत लिहा. मग पट्टा ५ करून तेच पुन्हा करा. त्यानंतर पहिला फोन घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा व दुसऱ्याच्या रेघा पाहा. झाकण केसभर उघडे ठेवून पुन्हा पाहा. लहर फटीतूनही निघते. शेवटी डबा काढून फोन मातीच्या रिकाम्या माठाआड, आणि मग तोच माठ पाण्याने काठोकाठ भरून त्याच्याआड ठेवा. प्रत्येक मोजणी तीनदा करा, कारण मध्ये उभा राहिलेला मित्रही बराचसा पाण्याचाच बनलेला असतो.